काशीला जायचं ते नक्की कधी?

सोलापुरात विजापूर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात, थंडीत दमा उठतो. मुलगी आठवीत. नवरा-बायको दोघं नोकरीला. काशीला जाऊन तीन-चार दिवस निवांत राहायचंय. विश्वनाथाचं दर्शन, गंगास्नान, नावेतून घाट आणि जमलं तर सारनाथ. दिवाळीची सुट्टी बरी, नाताळ बरा की मे महिना? आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, "सगळे म्हणतात हिवाळ्यात जा, पण हिवाळा म्हणजे नक्की कधी?"

हा शेवटचा प्रश्न फार नेमका आहे. मी सोलापुरातून काशी-प्रयाग-गयेच्या यात्रा काढतो, आणि "हिवाळ्यात जा" या एका सल्ल्यावर विसंबून गेलेली माणसं परतल्यावर काय काय सांगतात ते दरवर्षी ऐकतो. काशीचा हिवाळा एकसारखा नसतो. नोव्हेंबरचा शेवट आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा यांत इतका फरक असतो की दोन वेगळी गावं वाटावीत.

आधी स्पष्ट सांगतो. ताई, तुम्ही दिलेले तिन्ही पर्याय शाळेच्या सुट्ट्यांवरून आलेत आणि तुमच्या घरातली माणसं पाहता तिन्ही अवघड आहेत. एखादं धडधाकट जोडपं असतं तर मी म्हटलं असतं कधीही जा, फक्त पुरात जाऊ नका. पण बरोबर गुडघे दुखणाऱ्या, दम्याच्या आजी आहेत. माझ्या हिशेबात यात्रेचा महिना बरोबरच्या सगळ्यांत नाजूक माणसाच्या तब्येतीवरून ठरतो. त्यानंतर बघायचं, गंगेकडून तुम्हाला काय हवंय. नुसतं दर्शन हवं असेल तर गोष्ट वेगळी. पण पाण्यात उतरायचं असेल, नावेत बसायचं असेल, घाटावरून चालायचं असेल, तर नदीची त्या वेळची पातळी तुमची सहल ठरवते. तापमानाचा आकडा त्यानंतर येतो.

म्हणून नदीपासूनच सुरुवात करतो. जुलैपासून गंगा चढायला लागते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाटांच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जायची वाट तुटते. आधी छोट्या नावा बंद होतात, मग सगळ्याच. दशाश्वमेधाची संध्याकाळची आरती वर सरकत सरकत गच्चीवर जाते, मणिकर्णिकेला अंत्यसंस्कारसुद्धा वरच्या जागेत करावे लागतात. वाराणसीला गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत गेलं होतं. आपल्या लोकांना यातलं एक कोडं उलगडत नाही: काशीत चार दिवस लख्ख ऊन आणि नदी मात्र चढतेय, हे कसं? पंढरपूरला काय होतं ते आठवा. सोलापुरात थेंब नसतो, पण उजनीतून आणि वीरमधून पाणी सुटलं की चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली. काशीच्या वर प्रयागला यमुना येऊन मिळते, आणि यमुनेत त्याआधीच चंबळ, बेतवा, केन यांचं पाणी आलेलं असतं. राजस्थान-मध्य प्रदेशात पाऊस झाला की काही दिवसांनी तो काशीच्या पायऱ्यांवर दिसतो. त्यामुळे पावसाळ्यात काशीचं हवामान बघून तिथल्या नदीचा अंदाज बांधता येत नाही.

पाणी ओसरलं की लगेच सगळं मोकळं होतं असंही नाही. पायऱ्यांवर गाळाचे थरच्या थर साचलेले असतात. पंप लावून, फावड्यांनी तो काढायचं काम ऑक्टोबरभर चालतं, कधी त्यापुढेही. घाट सलग चालण्याजोगे झाले नसतील तर माणसाला वर चढून गल्लीतून जावं लागतं आणि पुन्हा खाली उतरावं लागतं. आजींच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही. आता याची दुसरी बाजू, जी फारसं कोणी सांगत नाही: पाणी पुढे मे-जूनपर्यंत उतरतच जातं. म्हणजे नोव्हेंबरात जितक्या पायऱ्या उतरून पाण्याला हात लागतो, त्यापेक्षा मार्च-एप्रिलात जास्त उतराव्या लागतात. आणि उतरलेलं सगळं पुन्हा चढायचं असतं. गुडघ्यांच्या हिशेबाने गाळ निघाल्यानंतरचा नोव्हेंबर सर्वांत सोयीचा.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो.

मे महिना. "आम्ही सोलापूरचे, आम्हाला ऊन काय सांगता" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली नुसता हसतो. पारा इथेही त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, खरंय. पण आपलं गाव पठारावर आहे, हवा कोरडी, सूर्य मावळला की गच्चीवर वारं सुटतं आणि माणूस झोपू शकतो. काशी सपाटीवर, समुद्रसपाटीपासून जेमतेम ८० मीटर उंचीवर. दिवसा लू वाहते, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखी. रात्री दगडी गल्ल्या आणि घाट दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता बाहेर टाकत बसतात. जूनमध्ये पूर्वेकडचं दमट वारं सुरू झालं की घाम वाळत नाही, ते उन्हापेक्षा वाईट. त्यात देवळाच्या रांगेत पाय अनवाणी. परतीच्या गाडीत खांडवा-भुसावळ-मनमाडचा टापू भर दुपारी आला तर स्लीपरच्या डब्यात बसवत नाही. आणि उन्हाळ्यात गर्दी नसते म्हणावं तर तेही नाही, सुट्टीत सगळा देश निघालेला असतो. मे-जूनमध्ये जाण्याचं एकच सबळ कारण मला मान्य आहे, ते म्हणजे बनारसी लंगडा आंबा. पण त्यासाठी आजींना नेऊ नका.

नाताळ. तुमच्या बाबतीत हा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण वरवर तोच सर्वांत चांगला दिसतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत गंगेच्या सगळ्या सपाटीवर धुकं बसतं. वारा पडलेला, रात्र मोठी, जमिनीत आणि गव्हाच्या भिजवलेल्या शेतांत ओल. थंड हवा खाली दबून राहते आणि वर उठतच नाही. एखादा पाऊस होऊन गेला की पुढचे दोन-तीन दिवस तर हमखास. काही दिवस सूर्य दुपारपर्यंत दिसत नाही, पारा दिवसासुद्धा पंधरा-सोळाच्या वर चढत नाही आणि पहाटे पाच-सहापर्यंत उतरतो. आपल्याकडे पहाटे पंधरा झालं तर लोक कानटोपी शोधतात. तिथल्या साध्या हॉटेलांत फरशी गार, खोली गार, उबेची काही सोय नसते. भरीला त्या दबलेल्या हवेत धूर आणि धूळ अडकून राहते. दम्याच्या माणसाला थंडीपेक्षा ही हवा जास्त छळते.

आणि ज्यासाठी जायचं तेच दिसत नाही. काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत. गंगा इथे उत्तरवाहिनी, त्यामुळे समोरच्या रेतीवरून सूर्य उगवतो आणि सगळे घाट एकदम उजळतात. पहाटेच्या नावेचं सगळं मोल त्यात आहे. धुक्यात नावेतून काठसुद्धा दिसत नाही, बऱ्याचदा नाव सोडतच नाहीत.

प्रवासाचं तर विचारू नका. आपल्याकडून जाणाऱ्या गाड्या दौंड-मनमाड-भुसावळ-इटारसी-जबलपूर-सतना अशा जातात आणि सतन्यापर्यंत बहुधा वेळेवर असतात. पुढे सपाटी लागली की रखडायला लागतात. लोकांना वाटतं, जाताना उशीर झाला तर झाला. खरा गोंधळ परतीत होतो. येणारी गाडी दहा तास उशिरा पोचली की तोच रेक धुऊन-पुसून परत निघायचा असतो, म्हणून तुमची गाडी काशीतूनच उशिरा सुटते. पुढे मनमाडला किंवा दौंडला सोलापूरची गाडी धरायची असेल तर ती गेलेली असते. रेल्वे धुक्यामुळे दरवर्षी डिसेंबर ते फेब्रुवारीत काही गाड्या आधीच रद्दही करते. पुण्याहून किंवा हैदराबादहून विमानाने जायचं म्हटलं तरी सकाळची विमानं बाबतपूरला, म्हणजे काशीच्या विमानतळावर, धुक्यात उतरू शकत नाहीत. जायचंच असेल तर दुपारचं विमान घ्या. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोलापूरकर गाव सोडत नाही, ही सिद्धेश्वराचीच कृपा म्हणायची, कारण संक्रांतीच्या आसपासचे दिवस काशीत धुक्याचे.

शिवाय पौष पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत प्रयागला माघमेळा असतो. मौनी अमावास्येच्या आगेमागे तिथली गर्दी काशीत उतरते. २०२५ च्या कुंभात तर काशीच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. दरवर्षी तेवढं होत नाही, पण स्नानाच्या मोठ्या तिथी टाळाव्यात.

दिवाळीची सुट्टी. हवा चांगली, नदी चांगली, पोरीची शाळा बुडत नाही. अडचण गाड्यांची. छठपूजा येते कार्तिक शुद्ध षष्ठीला, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर सहाव्या दिवशी. मुंबई-पुण्यातला उत्तर प्रदेश-बिहारचा कामकरी माणूस वर्षातून एकदा घरी जातो तो तेव्हा, आणि त्याचा त्यावर हक्कच आहे. पण त्या पंधरवड्यात आरक्षित डब्यातही वाटेत माणसं बसलेली असतात. आजींना बर्थवरून उठून बाथरूमपर्यंत जाता येणार नाही. छठनंतर हीच गर्दी उलट्या दिशेने. काशीत धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत अन्नपूर्णेच्या सुवर्णमूर्तीचं दर्शन खुलं असतं, वर्षातून तेवढेच दिवस, तर त्याची रांग वेगळीच. श्रद्धा म्हणून कोणाला तेच दर्शन हवं असेल तर मी अडवत नाही. मात्र तेव्हा बाकी कशाचीही अपेक्षा ठेवू नये.

आता आपली त्रिपुरारी पौर्णिमा, म्हणजे तिथली देवदीपावली. सगळ्या घाटांवर लाखो दिवे लागतात आणि ते दृश्य डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे, यात वाद नाही. पण त्या रात्री हॉटेल आणि नाव यांचे दर नेहमीच्या कित्येक पट, संध्याकाळपासून रस्ते बंद, आणि नावेपर्यंत पोचायला गर्दीतून बरंच चालायचं. तरुण मंडळींना मी मुद्दाम त्या रात्री नेतो. चौऱ्याहत्तरीच्या गुडघ्यांना नाही.

मग उरलं काय? माझं उत्तर: त्रिपुरारी पौर्णिमेनंतर दोन दिवस सोडून पुढे साधारण १० डिसेंबरपर्यंत. देवदीपावलीला आलेली माणसं पांगलेली असतात, दर खाली आलेले असतात, धुकं अजून बसलेलं नसतं. दिवसा सत्तावीस-अठ्ठावीस, पहाटे बारा-तेराच्या आसपास. स्वेटर-शाल पुरते, रजया लागत नाहीत. घाट सलग चालता येतात, पाणी फार खाली गेलेलं नसतं, सूर्योदय दिसतो. मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची ती केशरी मिठाई, थंडीतच मिळते आणि तेव्हा ती सुरू झालेली असते. मुलीला नक्की द्या. तिची चार-पाच दिवस शाळा बुडेल. बुडू द्या. आठवी आहे, दहावी नाही. तुम्हा दोघांच्या रजा कशा मिळतात यावर बरंच अवलंबून आहे, ते मी इथून सांगू शकत नाही.

एक लक्षात ठेवा, ही खिडकी दरवर्षी सारखी रुंद नसते. अधिक महिना आला की पुढचे सण उशिरा जातात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून दिवाळी नोव्हेंबरात आणि त्रिपुरारी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला. म्हणजे त्या वर्षी जेमतेम दोन आठवडे हातात. ज्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात येते त्या वर्षी चांगला महिना मिळतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही, तेव्हा सप्टेंबरच्या अखेरीस कॅलेंडर घेऊन बसा.

रजा तेव्हा जमलीच नाही तर दुसरी जागा आहे: महाशिवरात्र झाली की दुसऱ्या दिवसापासून रंगभरी एकादशीच्या, म्हणजे फाल्गुन शुद्ध एकादशीच्या आधीपर्यंत, साधारण दहा दिवस. शिवरात्रीला विश्वनाथाच्या रांगेत उभं राहणं हे तपच असतं, पण ती ओसरली की गाव मोकळं होतं. रंगभरीपासून होळीपर्यंत तिथे रंगाचा धुडगूस असतो, तो आजींच्या कामाचा नाही. या दिवसांत थंडी संपलेली, ऊन सुरू झालेलं पण सोसण्यासारखं. गाड्याही बऱ्याच वेळेवर. दम्याच्या दृष्टीने हवा डिसेंबरपेक्षा बरी. पायऱ्या मात्र जास्त, हे वर सांगितलंच. तेव्हा गुडघे जास्त त्रास देतात की दमा, हे तुम्ही आजींना आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारा. गुडघे असतील तर नोव्हेंबर, दमा असेल तर शिवरात्रीनंतर. दोन्हींत मला सरशी नोव्हेंबरची वाटते, पण आजींना मी पाहिलेलं नाही.

श्रावणाबद्दल ताईंनी विचारलेलं नाही, पण आपल्याकडून दरवर्षी कोणी ना कोणी "श्रावणी सोमवारी विश्वनाथ" म्हणून निघतंच, म्हणून सांगून टाकतो. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. त्यांचा सावन आपल्या गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. म्हणजे आपल्या श्रावणाचा पहिला पंधरवडाच तेवढा दोघांना सामाईक. त्यात कावडीतून गंगाजल नेणाऱ्या कावडियांची अफाट गर्दी. राखीनंतरचे आपले श्रावणी सोमवार त्यांच्या भाद्रपदात पडतात, तेव्हा रांग कमी असते आणि आपलं व्रतही सांभाळलं जातं. फक्त नदी त्या वेळी भरलेली असणार, नाव आणि स्नान विसरायचं. केवळ दर्शनासाठी जाणाऱ्याला ही युक्ती चालते, आणि मी ती बऱ्याच जणांना सांगतो.

तुमच्या तीन-चार दिवसांची आखणी करताना काही गोष्टी पाहा. मुक्काम गोदौलिया चौकाच्या जवळ घ्या. तिथून दशाश्वमेध आणि विश्वनाथ दोन्ही जवळ. सोलापुरातली लिंगायत मंडळी जंगमवाडी मठात उतरतात, तोही त्याच भागात आहे. पण घाटाला लागून असलेल्या जुन्या वाड्यांतली हॉटेलं फोटोत कितीही देखणी दिसली तरी आजींसाठी नकोत. गाडी तिथवर जात नाही, जिने उभे आणि अरुंद, लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाही. विश्वनाथाचं सध्याचं देऊळ अहिल्यादेवींनी १७८० मध्ये बांधलं. ज्यांच्या नावाचं आपलं विद्यापीठ आहे त्याच त्या, हे मुलीला तिथे उभं करून सांगा. डिसेंबर २०२१ मध्ये कॉरिडॉर झाल्यापासून देवळाभोवती ऐसपैस जागा झाली आहे, आजींना मध्ये बसवून घेता येतं. दर्शन सोमवारी ठेवू नका. सोमवार म्हणजे गर्दी, महिना कोणताही असो.

आरती थंडीत लवकर असते, साडेपाच-सहाच्या सुमारास, उन्हाळ्यात सातला. पायऱ्यांवर दोन तास बसण्यापेक्षा नावेतून पाहा, म्हणजे आजींना पाठ टेकता येईल. मात्र नोव्हेंबरातही पाण्यावर सूर्य मावळल्यावर गारवा झोंबतो. शाल आणि कानटोपी तेव्हाही हवी. नावेचा दर चढण्याआधी ठरवा, माणशी की नावेचा, ते विचारून. स्नानाला पहाटेचा हट्ट नको. सकाळी नऊ-दहाला ऊन पायऱ्यांवर आल्यावर गेलात तर पुण्य कमी पडत नाही, असं तिथले पुरोहितच सांगतात. आजींना खाली उतरायला नको वाटलं तर कळशीभर पाणी वर आणून घाला.

सारनाथला अर्धा दिवस ठेवा. दहाएक किलोमीटरवर आहे, सपाट आहे, हिरवळ आहे, आजींना झेपेल. अशोकस्तंभाचं मूळचं सिंहशीर्ष तिथल्या संग्रहालयात आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तो वार सोडून जा.